टाचणीची निम्फ आणि चिलवा: खऱ्यासारख्या फ्लाय बांधायच्या कशा? इंदूरमधल्या नवशिक्यांसाठी

फ्लाय म्हणजे मासे पकडायला गळावर दोरा-पिसांनी बांधलेला नकली कीटक किंवा मासा. ती बांधायला बसलेला नवखा माणूस लवकरच एका मोहात पडतो. सहा पाय, प्रत्येक पायाला सांधा, डोळ्यात बाहुली, पोटावर मोजून दहा वळ्या. टेबलावर फ्लाय देखणी दिसते, पाण्यात मात्र ताठच्या ताठ बुडते आणि मासा तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही. माशाला ती वाहत्या, थोड्या गढूळ पाण्यात क्षणभर दिसणार असते. तेवढ्यात त्याला कळतो तो आकार, लांबी-रुंदीचे प्रमाण, पाठ गडद आणि पोट फिके ही रंगाची विभागणी, आणि हालचाल. इंग्लंडमधले नदीरक्षक फ्रँक सॉयर यांच्या मूळ फेझंट टेल निम्फला (निम्फ म्हणजे कीटकाचे पाण्यात राहणारे पिल्लू) एकही पाय नाही. दोरासुद्धा नाही, फक्त फेझंट पक्ष्याच्या शेपटीच्या पिसाचे तंतू आणि तांब्याची तार. तरी ती जगभर चालते, कारण तिचे प्रमाण अचूक आहे आणि ती झटकन खाली जाते.

म्हणून इथे सगळे याच क्रमाने सांगितले आहे: आधी प्रमाण, मग वजन, मग हलणारे भाग. डोळ्यांची चमक आणि कल्ल्याची लाल रेघ हा शेवटचा हात.

दोनच फ्लाय घेतल्या आहेत. टाचणी या चतुरासारख्या बारीक कीटकाची निम्फ आणि चिलवा हा छोटा मासा. माळव्यातल्या तलावांत आणि खाली निमाडात नर्मदेच्या डोहांत हे दोन्ही खाद्य असते. शिवाय या दोन बांधता आल्या की बाकीच्या निम्फ आणि बेटफिश (मोठे मासे खातात ते छोटे मासे) फ्लायचे बहुतेक हात बसलेले असतात.

## १. आधी खरा जीव बघा

यूट्यूबवरच्या अमेरिकन नदीतला कीटक बांधत बसण्यापेक्षा एक सकाळ चोरल नदीवर घालवा. पांढरा प्लास्टिकचा टब, चहाची मोठी गाळणी आणि सहा इंची पट्टी एवढेच सोबत हवे. काठाच्या गवताखाली गाळणी फिरवा, पाण्यातले दगड उलटून बघा, जे सापडेल ते टबात पट्टीशेजारी ठेवून वरून आणि बाजूने फोटो काढा आणि लगेच परत सोडा. दगडही होता तसा ठेवा, त्याच्या पोटाशी इतर जीव असतात.

काय ओळखायचे?

टाचणीची निम्फ सडपातळ असते. डोके छातीपेक्षा रुंद, डोळे दोन बाजूंना बाहेर आलेले, आणि शेपटीला पानासारखे तीन कल्ले. ती अंग डावी-उजवीकडे वळवत पोहते. चतुराची निम्फ आखूड आणि जाड असते, शेपटीला कल्ले नसतात, आणि मागून पाणी फेकून झटक्याझटक्याने पुढे जाते. मेफ्लाय या कीटकाच्या निम्फला बहुधा तीन बारीक शेपट्या आणि पोटाच्या दोन्ही बाजूंना कल्ले. स्टोनफ्लाय या कीटकाच्या निम्फला शेपट्या दोनच. हा फरक फ्लाय ओढण्याच्या पद्धतीतही येतो, म्हणून नीट लक्षात ठेवा.

चिलवा म्हणजे उथळ पाण्यात थव्याने फिरणारा चपटा, रुपेरी मासा. अंगाची उंची लांबीच्या साधारण पाचव्या हिश्श्याएवढी, पोटाची कड धारदार, तोंड वर वळलेले, डोळा शरीराच्या मानाने मोठा. पाठ हिरवट-तपकिरी, बाकी सगळे चांदी. बाजारात ताजा मिळाला तर एक विकत घ्या आणि पट्टीशेजारी ठेवून बाजूने फोटो काढा. तो फोटो बांधणीच्या टेबलावर कायम असू द्या.

सावधगिरी: पावसाळ्यात चोरल, पातालपानी, तिंछा या भागात वर कुठेतरी पाऊस पडला की खाली ऊन असताना पाणी चढते. ओंकारेश्वरच्या खालच्या बाजूला धरणातून पाणी सोडले की नर्मदेची पातळी वाढते. पाण्याच्या मध्यावरच्या खडकावर बसून निरीक्षण करू नका.

## २. साहित्य: काय मागवायचे, काय इंदूरमध्येच मिळते

दोन गोष्टींत काटकसर नको: व्हाइस, म्हणजे बांधताना गळ घट्ट धरणारा शिकंजा, आणि गळ. दोन्ही ऑनलाइन मागवावे लागतात. व्हाइसचा जबडा क्रमांक १२ पासून २/० पर्यंतचा गळ न हलता धरू शकला पाहिजे. फिरणारा म्हणजे रोटरी व्हाइस मिळाला तर रेझिनच्या (यूव्ही टॉर्चच्या प्रकाशाने कडक होणारा पारदर्शक द्रव) कामात त्याचा फार फायदा होतो.

गळ:
- निम्फसाठी लांब दांड्याचा, क्रमांक १०. मुस्टॅड ९६७२ किंवा त्याच मापाचा दुसरा.
- चिलव्यासाठी क्रमांक १/०, जाड तारेचा. मुस्टॅड ३४००७ चालतो.

चिलव्याचा गळ जाडच का? महसीर या मोठ्या नदीमाशाच्या घशात चिरडणारे दात असतात आणि त्याचा पहिला धक्का जबरदस्त असतो. बारीक तारेचा गळ तिथे सरळ होतो.

हत्यारे: बॉबिन होल्डर (दोऱ्याचे रीळ धरणारा), व्हिप फिनिशर (शेवटची गाठ, म्हणजे व्हिप फिनिश, मारायला), बारीक टोकाची कात्री, दाभण, बारीक चिमटा, सपाट तोंडाची छोटी पकड. चिमटा आणि पकड फ्लायच्या नावाने महाग पडतात. सोनारकामाची हत्यारे विकणाऱ्या दुकानात तीच चांगल्या प्रतीची मिळतात. सराफ्याच्या बाजूला दिवसाच जा, रात्री तिथे खाणाऱ्यांची गर्दी असते.

दोरा: निम्फला ७० डेनिअरचा नायलॉन किंवा पॉलिस्टर दोरा लागतो, तो मागवा. शिवणाचा साधा दोरा इतका जाड असतो की क्रमांक १० वर डोक्याची गाठच गाठ होते. चिलव्यासाठी मात्र मशीन-भरतकामाचा पॉलिस्टर दोरा उत्तम. तो बहुधा १२० डेनिअरच्या दोन पदरांचा असतो आणि मोठ्या गळावर छान बसतो.

तार: मोटर वायंडिंगच्या दुकानात इनॅमल केलेली तांब्याची तार सुटी मिळते. निम्फच्या रिबसाठी (पोटावरच्या वळ्या दाखवणारे तारेचे वेढे) ३८ गेज, म्हणजे सुमारे ०.१५ मिमी. मोठ्या निम्फला ३६ गेज, सुमारे ०.१९ मिमी. इनॅमलमुळे ती काळवंडत नाही.

वजन: ०.५ मिमी जाडीची शिशाची तार. ती न मिळाल्यास जेल रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातली बारीक सोल्डर तार वापरा. तिच्यात कथील आणि पोटात फ्लक्स असतो म्हणून ती थोडी हलकी पडते. साध्या सोल्डरमध्येही शिसे असते. काम झाल्यावर हात साबणाने धुवा आणि बांधताना खाऊ नका. मुलांच्या हाती तुकडे लागणार नाहीत असे बघा.

चमक: जरीच्या आणि लेसच्या दुकानात दोन गोष्टी दिसतील, बादला आणि लुरेक्सची पट्टी. बादला ही धातूची चपटी पट्टी. दिसायला सुरेख, पण ताठ, आणि एकदा मुडपली की तशीच राहते. चिलव्याच्या अंगाला लुरेक्स घ्या, तो पाण्यात लवतो. बादला निम्फच्या रिबला वापरता येतो.

तंतू: सॉफ्ट टॉयचे लांब केसांचे फर कापड, पांढरे आणि ऑलिव्ह किंवा तपकिरी. राणीपुरा आणि सीतलामाता बाजार या बाजूला शोधा. केसांची लांबी किमान ५० मिमी हवी. ८० मिमीची फ्लाय करायची तर केसांच्या गंगावनातले बारीक कृत्रिम तंतू घ्या. बाहुलीचे जाड नायलॉन केस घेऊ नका, ते पाण्यात हलतच नाहीत.

डबिंग (दोऱ्यावर पिळून अंग भरायचे तंतू): विणकामाची अॅक्रिलिक लोकर. ऑलिव्ह तीन भाग, तपकिरी एक भाग. पीळ सोडवून १० मिमीचे तुकडे करा आणि बोटांनी विंचरून एकजीव करा. एकरंगी लोकर पाण्यात मेलेली दिसते, मिसळलेली जिवंत दिसते.

पाठीसाठी: डॉक्टरी लॅटेक्स हातमोजा. शेपटीसाठी: कोंबडीच्या अंगावरच्या पिसांच्या बुडाशी असते ती मऊ लव. पायांसाठी: कोंबडीच्या मानेवरची किंवा पाठीवरची मऊ, ठिपकेदार पिसे. कोंबडीवाल्याकडून हे सगळे मिळते, पण तसेच डब्यात भरू नका. शांपूच्या कोमट पाण्यात धुवा, सावलीत पूर्ण वाळवा, झिपच्या पिशवीत घालून तीन दिवस फ्रीझरमध्ये ठेवा, एक दिवस बाहेर काढा, पुन्हा तीन दिवस आत. पिसे खाणाऱ्या किड्यांची अंडी एका थंडीत मरतीलच असे नाही, म्हणून दोनदा.

आणि एक कडक सूचना. फ्लाय बांधण्याच्या परदेशी कृतींत ‘जंगल कॉक’ची पिसे लिहिलेली असतात. तो आपला राखाडी रानकोंबडा. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली तो संरक्षित आहे, त्याची पिसे विकत घेऊ नका. मुंगसाच्या केसांचेही तेच. मोराचे पीस वापरायचे असेल तर आपोआप गळलेलेच, आणि तशी बांधलेली फ्लाय परदेशी मित्राला पाठवायची नाही, कारण निर्यातीला बंदी आहे. या लेखातल्या दोन्ही फ्लायना यातले काहीच लागत नाही.

## ३. प्रमाण कागदावर काढा

गळाच्या दांड्याचे दहा भाग करा. टाचणीच्या निम्फला नेढ्याकडचा एक भाग डोके, त्यामागचे तीन छाती, मागचे सहा पोट. रुंदी डोक्याला सर्वात जास्त, छातीला त्याहून थोडी कमी, पोट शेपटीकडे निमुळते. पायांची लांबी दांड्याच्या निम्म्याहून जास्त नको.

चिलव्याला एकूण लांबी ८० मिमी, सर्वात जास्त उंची १६ मिमी, डोळा ५ मिमी. उंची डोळ्याच्या मागे लगेच वाढते आणि शेपटीपर्यंत हळूहळू उतरते.

हे चित्र खऱ्या मापात काढून व्हाइसच्या मागे चिकटवा. नवशिक्यांची बहुतेक बिघडलेली फ्लाय पहिल्या वेढ्यातच बिघडलेली असते, कारण छाती कुठे संपणार हे ठरलेलेच नसते.

## ४. टाचणीची निम्फ, पायरी पायरीने

४.१ उलटा काटा दाबा. गळ व्हाइसमध्ये लावण्याआधीच पकडीने काटा दाबून सपाट करा. काही गळ दाबताना तुटतात. फ्लाय पूर्ण झाल्यावर तुटला तर सगळी मेहनत गेली.

४.२ डोळे तयार करा. ०.५ मिमी जाडीच्या नायलॉन धाग्याचा १० मिमी तुकडा मधोमध चिमट्यात धरा. एक टोक लायटरच्या ज्योतीजवळ न्या, ज्योतीत घालू नका. नायलॉन वितळून मागे सरकते आणि गोळी होते. दुसरे टोक तसेच. दोन गोळ्यांत साधारण १.५ मिमी अंतर राहायला हवे. धागा फ्लुओरोकार्बनचा असेल तर गोळी नीट होत नाही. गोळ्या पेटू दिल्या तर आत बुडबुडे येतात आणि दोन्ही डोळे वेगळ्या मापाचे होतात. गार झाल्यावर काळे नेलपॉलिश लावा.

४.३ दोरा लावा. नेढ्याच्या मागे दीड-दोन मिमी जागा मोकळी सोडून दोरा लावा आणि वाकाच्या सुरुवातीपर्यंत चिकटून वेढे द्या. परत पुढे या. ही मोकळी जागा शेवटपर्यंत राखायची आहे. नेढे बुजले की पाण्याकाठी दोरी ओवता येत नाही.

४.४ डोळे बांधा. दांड्याच्या वर आडवे ठेवून इंग्रजी आठच्या आकड्यासारखे सहा-सात वेढे द्या, मग डोळ्यांच्या खालून दांड्याभोवती दोन आडवे वेढे. त्याने ते घट्ट होतात. झटपट गोंदाचा बारीक थेंब.

४.५ वजन. गुंडाळण्याऐवजी छातीच्या तीन भागांएवढे तारेचे दोन तुकडे घ्या आणि दांड्याच्या डाव्या-उजव्या बाजूला एकेक बांधा. मग पकडीने हलकेच चपटे करा. गोल गुंडाळलेल्या तारेने छाती नळीसारखी होते. बाजूला बांधलेल्या तारेने ती खऱ्या निम्फसारखी चपटी होते आणि फ्लाय पाण्यात पालथी पडत नाही.

४.६ शेपटी. कोंबडीच्या लवेचे तीन बारीक झुबके, प्रत्येकी ८ ते १० मिमी. एक मधे, दोन बाजूला. खऱ्या कल्ल्यांपेक्षा ही लांबी थोडी जास्त आहे आणि ते मुद्दाम आहे, कारण सगळी हालचाल इथूनच येते. कात्रीने टोके सरळ कापू नका, जास्तीची लांबी नखाने चिमटून तोडा. कापलेली शेपटी पाण्यात झाडूसारखी फाकते.

४.७ रिब आणि पाठ. शेपटीच्या बुडाशी आधी तांब्याची तार बांधा. मग लॅटेक्सची पट्टी: ५० मिमी लांब, एका टोकाला २ मिमी आणि दुसऱ्या टोकाला ४ मिमी रुंद अशी निमुळती कापलेली. अरुंद टोक बांधायचे, बाकी मागे लोंबत ठेवायची.

४.८ पोट. दोऱ्यावर डबिंग पिळा. इतके कमी घ्या की दोरा मधूनमधून दिसला तरी चालेल. नवशिक्याच्या हातून इथे हमखास दुप्पट लागते आणि टाचणीची अळी सुरवंट होते. शेपटीपासून छातीपर्यंत गुंडाळा, पुढे येताना किंचित जाड.

४.९ पाठ ओढा, रिब फिरवा. लॅटेक्स हलकेच ताणून पोटावर आणा आणि छातीच्या सुरुवातीला दोन वेढ्यांनी धरा. कापू नका. आता तार डबिंगच्या उलट दिशेने फिरवत पुढे आणा, सात-आठ वेढे, सारख्या अंतरावर. एकाच दिशेने फिरवली तर ती डबिंगच्या वेढ्यांत रुतून दिसेनाशी होते. उलट फिरवली की वर राहते आणि माशाच्या दातांपासून डबिंगही सांभाळते. तार वाकडी-तिकडी फिरवून तोडा. कात्री वापराल तर कात्रीची धार जाते.

४.१० छाती. उरलेली लॅटेक्स पट्टी मागे दुमडून धरा. छातीवर पोटापेक्षा थोडे जास्त डबिंग गुंडाळा, डोळ्यांच्या मागेपर्यंत.

४.११ पाय. एक मऊ पीस घ्या, त्याचे टोक मधला दांडा धरून कापा, म्हणजे दोन्ही बाजूंना तीन-तीन, चार-चार तंतू राहून इंग्रजी व्ही आकार होईल. तो डोळ्यांच्या मागे, तंतू मागे झुकलेले, छातीच्या दोन्ही बाजूंना येतील असा बांधा. एका बाजूला तीन आणि दुसरीकडे चार झाले तर बिघडत नाही. गाठी मारलेले, सांधे दाखवणारे पाय सुंदर असतात, पण त्यांच्यावर रेझिन चढवले की ताठ होतात आणि फ्लाय फेकताना दोरीला पीळ पाडतात. प्रदर्शनासाठी ते करा, पाण्यासाठी मऊ पिसे.

४.१२ पंखकोश. पट्टीचा रुंद भाग छातीवरून, मग दोन डोळ्यांच्या मधून पुढे आणा आणि नेढ्यामागे बांधा. उरलेली पट्टी ताणून कापा. व्हिप फिनिश चार-पाच वेढ्यांचा, दोनदा.

४.१३ रेझिन. फक्त पंखकोशावर एक पातळ थर. लॅटेक्स उन्हाने चिरते, तिला हा थर वाचवतो. पायांवर आणि शेपटीवर रेझिन जाता कामा नये.

फ्लाय ओढताना हे लक्षात ठेवा: टाचणीची निम्फ पंख फुटण्याच्या वेळी काठाकडे, गवताकडे पोहत येते. म्हणून काठाला समांतर किंवा काठाच्या दिशेने, सावकाश, मधे थांबत ओढा.

## ५. चिलवा

या फ्लायची कल्पना अमेरिकेतल्या बॉब पॉपोव्हिक्स यांच्या सर्फ कँडीची: पारदर्शक कडक डोके, मागे हलणारे तंतू. आपण तिला चिलव्याची चपटी अंगलट देणार आहोत.

५.१ पाया आणि वजन. काटा दाबा, दोरा नेढ्यामागून गळाच्या टोकाच्या वरच्या रेषेपर्यंत न्या. शिशाच्या तारेचे १२ मिमीचे दोन तुकडे दांड्याच्या खाली बांधा. वर बांधले किंवा भोवती गुंडाळले तर डोळे आणि रेझिन यांचे वजन वर येते आणि मासा पोट वर करून पोहतो. मेलेला मासाही कधी खाल्ला जातो हे खरे, पण दर फेकीला दोरीला पीळ बसतो.

५.२ गुंतू न देणारा फास. ०.४ मिमी नायलॉनचा छोटा आडवा फास वाकाच्या सुरुवातीला बांधा, मागे ८ मिमी निघेल असा. लांब तंतू फेकताना वाकाभोवती गुंडाळले जातात, हा बेटफिश फ्लायचा सर्वात सामान्य रोग आहे. फासाने तंतूंना खालून आधार मिळतो.

५.३ तंतू तयार करा. फर कापड वापरत असाल तर केस कापडाच्या अगदी मुळाशी कापा आणि दातेरी कंगव्याने बुडाकडची आखूड लव विंचरून काढून टाका. ती ठेवली तर डोके जाड होते. मग झुबका दोन्ही हातांत धरून ओढा, पुन्हा एकत्र करा, असे तीन-चार वेळा. टोके मागेपुढे होतात आणि शेपटी आपोआप निमुळती होते. हा हात बसवायला वेळ द्या. कात्रीने साधलेला निमुळतेपणा पहिल्याच फेकीनंतर खोटा दिसतो.

५.४ शेपटीचा झुबका. पांढरे तंतू, दाबून धरल्यावर २ मिमी जाड, दांड्याच्या मधोमध वरून बांधा. एकूण लांबी नेढ्यापासून ८० मिमी.

५.५ पोट. गळ उलटा करा किंवा व्हाइस फिरवा. थोडे आखूड, ५० मिमीचे पांढरे तंतू खालून, गळाच्या वाकाच्या दोन्ही बाजूंना विभागून बांधा.

५.६ रुपेरी रेघ. लुरेक्सचे चार तंतू प्रत्येक बाजूला, वेगवेगळ्या लांबीचे. जास्त नको. बारा-पंधरा घातले की फ्लाय दिव्यासारखी चमकते आणि नितळ पाण्यात मासा बिचकतो. जुलै-ऑगस्टनंतरच्या गढूळ पाण्यासाठी सहा-सात ठीक.

५.७ पाठ. ऑलिव्ह किंवा तपकिरी तंतू वरून, पांढऱ्याच्या एक तृतीयांश. जवळपास सगळ्या चाऱ्याच्या माशांची पाठ गडद आणि पोट फिके असते. वरून बघणाऱ्याला ते तळात मिसळतात, खालून बघणाऱ्याला आकाशात. ही विभागणी उलटी झाली तर बाकी सगळे बरोबर असूनही मासा खोटा दिसतो.

५.८ गाठ आणि विंचरणे. व्हिप फिनिश करा. सगळे तंतू ओलसर बोटांनी मागे विंचरा. आता बाजूने बघून फोटोशी ताडा. कमी-जास्त करायचे ते इथेच, रेझिननंतर काही करता येत नाही.

५.९ पहिला थर. नेढ्यापासून मागे २० मिमीपर्यंत रेझिन तंतूंच्या आत दाभणाने मुरवा. मग स्वयंपाकघरातली पातळ प्लास्टिक फिल्म भोवती धरून दोन बोटांनी डावी-उजवीकडून दाबा. चिलव्याचा चपटेपणा या दाबातून येतो. दाबलेले असतानाच फिल्ममधून टॉर्च मारा, मग फिल्म सोलून काढा.

५.१० डोळे आणि कल्ला. ५ मिमीचे चिकटणारे डोळे दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवा. समोरून बघून खात्री करा, एक वर एक खाली झाले की फ्लाय वाकडी पोहते. डोळ्यामागे लाल मार्करची छोटी कमान. पाठीवर ऑलिव्ह मार्करचा हलका हात.

५.११ दुसरा थर. डोळ्यांच्या कडा झाकल्या जातील असा रेझिनचा पातळ थर, फ्लाय सतत फिरवत, आणि टॉर्च. कडा उघडी राहिली तर पाणी आत शिरते आणि डोळा निघून जातो.

## ६. रेझिन

यूव्ही रेझिन आणि टॉर्चच्या तरंगलांबीची जोडी जुळली पाहिजे. बाटलीवर ३६५ किंवा ३९५ नॅनोमीटर असे लिहिलेले असते, टॉर्च त्याच मापाचा घ्या. मोबाइलच्या काचा बसवणाऱ्यांचे सामान विकणाऱ्या दुकानांत टॉर्च आणि द्रव दोन्ही मिळतात. तो द्रव फार पातळ असतो, मुरवायला चांगला, डोके घडवायला नाही. डोक्यासाठी दाट रेझिन घ्या.

जाड थर एकदम घालू नका. घट्ट होताना उष्णता निर्माण होते, आत बुडबुडे आणि भेगा पडतात, आणि वरचे घट्ट होऊन आतले ओलेच राहते. १ मिमीच्या आतले दोन-तीन थर, प्रत्येकाला सर्व बाजूंनी प्रकाश. वर चिकटपणा राहिला तर स्पिरिटच्या बोळ्याने पुसा.

खिडकीशी बसू नका. उन्हातल्या यूव्हीने बाटलीच्या तोंडाशी रेझिन गोठते. मे महिन्यात ते इतके पातळ होते की थांबत नाही, अशा वेळी सकाळी लवकर बसा. पंखा बंद ठेवावाच लागतो, नाहीतर तंतू घरभर. पावसाळ्यात झटपट गोंदाची पांढरी बुरशीसारखी साय फ्लायवर चढते, कारण तो हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतो. थेंब अगदी बारीक ठेवा आणि दमट दिवशी काळ्या डोळ्यांच्या आसपास तो वापरूच नका. टॉर्चकडे सरळ बघू नका, ओले रेझिन त्वचेला लागू देऊ नका.

## ७. बादलीत तपासा

फ्लाय पाच मिनिटे पाण्यात भिजवा, मग अर्धा मीटर नायलॉनला बांधून बादलीत किंवा टाकीत सोडा.

निम्फ डोके खाली करून, पाठ वर ठेवून बुडायला हवी. बाजूला कलंडत असेल तर एका बाजूची तार लांब झाली आहे. शेपटी हलत नसेल तर लव जास्त झाली किंवा रेझिन मागे गेले.

चिलवा ओढताना सरळ जायला हवा, थांबवल्यावर नाक किंचित खाली. गोल फिरत असेल तर आधी डोळ्यांची समोरासमोरची जागा बघा, मग तंतू दोन्ही बाजूंना सारखे आहेत का ते. पोट वर करत असेल तर खालच्या बाजूला डोळ्यांखाली थोडे वजन वाढवा. तंतू एकत्र चिकटून काडी होत असतील तर ते जास्त मऊ आहेत, पुढच्या वेळी पोटात थोडे ताठ तंतू मिसळा.

भिजलेली फ्लाय उचलून झटका. बराच वेळ पाणी गळत राहिले तर ती फेकताना जड जाणार. पाच-सहा क्रमांकाच्या रॉडला निम्फ चालते, या मापाचा चिलवा आठ क्रमांकाच्या रॉडसाठी आहे.

चिलवा दोरीला बांधताना घट्ट गाठ नको. न सरकणारा छोटा फास ठेवा, म्हणजे डोके मोकळे राहून मासा डुलतो.

## ८. पाण्यावर जाण्याआधी: नियम आणि कागद

मध्य प्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट हा माशांच्या प्रजननाचा काळ म्हणून नद्या आणि जलाशयांत मासेमारी बंद असते. हेच दोन महिने घरी बसून बांधायचे. महसीर २०११ पासून राज्याचा मासा आहे आणि नर्मदेतली त्याची संख्या घटली आहे. मिळाला तर ओल्या हाताने, पाण्यातच धरून गळ काढा आणि सोडा. दाबलेला काटा इथे कामाला येतो.

यशवंत सागर आणि सिरपूर ही दोन्ही २०२२ पासून रामसर स्थळे (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागा) आहेत, मुख्यतः पक्ष्यांची. तिथे परवानगीशिवाय गळ टाकायचा नाही आणि तुटलेला नायलॉनचा तुकडाही मागे सोडायचा नाही, पक्ष्यांच्या पायात तो अडकतो. महेश्वर, ओंकारेश्वरच्या घाटांवर लोक माशांना श्रद्धेने खाऊ घालतात. घाट आणि मंदिरांच्या आसपास मासेमारी करू नका.

बहुतेक तलाव आणि जलाशय मासेमारीसाठी सहकारी समितीला किंवा ठेकेदाराला दिलेले असतात. कोणत्या पाण्याचा ताबा कोणाकडे आहे हे जिल्ह्याच्या मत्स्य कार्यालयात विचारा, मग त्यांच्याकडून लेखी परवानगी घ्या. सोबत ठेवायचे कागद: आधार किंवा दुसरे ओळखपत्र, परवानगीपत्र किंवा पावती, आणि पकडून सोडणार असल्याचा उल्लेख परवानगीत करून घेता आला तर उत्तम. सगळ्यांचे फोटो मोबाइलमध्ये, मूळ कागद प्लास्टिकच्या पिशवीत.